भिंतीवरची ‘सत्तावनची बंदूक’: आट्यांची की सपाट नळीची?

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दिवाणखान्यातली लांबलचक बंदूक दाखवून मालक म्हणाले, “ही खडकीच्या लढाईतली.” खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. तेव्हा गारेच्या ठिणगीवर बार उडायचा. ह्या बंदुकीच्या घोड्याखाली तर बार उडवणारी स्फोटक टोपी बसवायची बोंडी होती, ती रीत पुढची. खापरपणजोबा लढलेही असतील त्या दिवशी, ही बंदूक नाही.

“मग सत्तावनची एनफील्ड?” खरा घोळ इथेच आहे.

एनफील्डचा १८५३ चा नमुना म्हणजे ठासणीचीच, पण आट्यांची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खोबणी नळीत असलेली बंदूक. लांबी साडेचार फुटांहून थोडी जास्त, नळी लाकडाला धरून ठेवणारी तीन कडी, आत तीन आटे, भोक .५७७ इंच, म्हणजे साधारण १४.७ मिलिमीटर. काडतुसांच्या चरबीवरून रान पेटलं ते हिच्याच. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी १८५८ आणि १८५९ चे नमुने काढले. बाहेरून तीच बंदूक, तीच तीन कडी, पण नळी आतून सपाट आणि भोक .६५६ इंच, म्हणजे १६.७ मिलिमीटरच्या आसपास. लांबचा अचूक नेम गोऱ्यांकडेच राहावा, हा हिशोब. आधी आट्यांच्याच नळ्या कोरून मोठ्या केल्या. त्या पातळ पडून फुगू लागल्या, म्हणून १८५९ च्या नमुन्याला जाड नळी आली.

दुरून ओळखायचं तर मागची नेमपट्टी बघा. आट्यांच्या बंदुकीला नऊशे-हजार यार्डांपर्यंतचे आकडे असलेली, उभी करता येणारी शिडी असते. सपाट नळीच्या बंदुकीला नुसता ठोकळा आणि त्यात खाच. शंभरेक यार्डांपुढे जिचा भरवसा नाही तिला शिडी कशाला?

नळीत डोकावण्याआधी मात्र गज आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि बाहेरून ताडून बघा. गज बोंडीच्या थोडासाही अलीकडे अडला तर बंदूक भरलेली समजा आणि हात काढा. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच टांगून ठेवलेल्या सापडतात.

आता फसवणारा तिसरा प्रकार. फौजेतून निघालेल्या कितीतरी आट्यांच्या बंदुका पुढे छऱ्यांच्या शिकारीसाठी कोरून सपाट केल्या गेल्या. त्यांचं पुढचं लाकूड कापलेलं असतं, कडी एखाद-दुसरीच उरते आणि शिडी उखडल्याची झाळणीची खूण नळीवर दिसते. लष्करी सपाट बंदूक ती ही नव्हे, आणि संग्राहकाच्या लेखी हिचं मोल सगळ्यात कमी. चौथा प्रकार अलीकडच्या नकलांचा: चापाच्या वर, बाजूच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचा ठसा) ठळक, पण लाकूड-लोखंडाच्या सांध्यात दीडशे वर्षांचा मळ नाही. खऱ्या वस्तूत नळी, पट्टी आणि दस्ता एकत्र म्हातारे झालेले असतात. म्हणून कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं चकाकवलेली बंदूक बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. ठसे एकदा पुसले की पुरावाही गेला.

किंमत किती, हे सगळेच विचारतात. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी लिलावांतले आकडे इथे लावू नका. आणि भिंतीवर आहे म्हणून परवान्यातून सुटका नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. चालू शकेल अशी असेल तर आधी पोलीस आयुक्तालय, मग गिऱ्हाईक.

माझं मत विचाराल तर इथल्या माणसानं सपाट नळीची जपावी. आट्यांची एनफील्ड जगभर आहे. ही खास हिंदी शिपायासाठी, त्याच्यावरच्या अविश्वासातून घडलेली.

त्या वाड्यात गज थेट तळाला टेकला. मग नळीत उजेड सोडला. सपाट, जाड, तिन्ही कडी जागेवर, खाचेचा ठोकळा शाबूत. मालकांचा चेहरा पडला. मी मात्र दुसरा चहा मागून घेतला.