बेटावरच्या शेतीला सेंद्रिय प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अंदमान-निकोबारमध्ये रासायनिक खत सोडून जमीन सुधारायला घेतली, की पुढचा प्रश्न येतो: हे कागदावर दाखवायचं कसं? त्रयस्थ संस्थेची तपासणी लहान शेतकऱ्याला महाग पडते. त्यापेक्षा केंद्राच्या कृषी मंत्रालयाची पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमीची पद्धत सोयीची. इथे शेत तपासायला येतात ते शेजारचेच शेतकरी.

त्यासाठी आधी गट हवा: एकाच किंवा लगतच्या गावातले किमान 5 शेतकरी. गटाची नोंदणी प्रादेशिक परिषदेमार्फत, म्हणजे पीजीएसने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फत, पीजीएसच्या पोर्टलवर होते. प्रत्येकाने अर्ज, प्रतिज्ञापत्र, जमिनीचा पुरावा आणि शेताचा इतिहास द्यायचा. अनुदान हवं असेल तर आधार आणि बँक पासबुकही जोडा. परंपरागत कृषी विकास योजनेत 3 वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत. त्यातले 15,000 थेट शेतकऱ्याच्या खात्यात, तेही जास्तीत जास्त 2 हेक्टरपर्यंत.

यातला शेताचा इतिहास लोक घाईघाईत भरतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद. शेवटचं रासायनिक खत किंवा फवारणी कधी झाली, ती तारीख खरी लिहा. पुढचं रोजच्या वहीत येऊ द्या. प्रवाळाच्या वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं (वरची साल) पुरली, वर झावळ्या अंथरल्या, तर किती झाडांना आणि कोणत्या महिन्यात, एवढं टिपलं तरी पुरे. तपासायला आलेला शेजारी आधी वही मागेल, मग आळं उकरून बघेल. 'मी तुझं तपासतो, तू माझं तपास' अशी अदलाबदल मात्र टाळायची असते.

एरवी रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे जायला 2 ते 3 वर्षं लागतात. तोवर माल 'पीजीएस-ग्रीन', नंतर 'पीजीएस-ऑरगॅनिक'.

ज्या भागात रसायनं कधी पोहोचलीच नाहीत, त्याला एवढं थांबायला लावणं अन्यायच. अशा सलग प्रदेशासाठी मोठ्या क्षेत्राचं प्रमाणीकरण आहे. त्यात अख्खं गाव हाच एक गट, आणि कागदपत्रंही गावनिहाय. कार निकोबार आणि नानकौरी बेटसमूहाचं 14,491 हेक्टर क्षेत्र 2021मध्ये असंच प्रमाणित झालं. देशातला असा पहिला मोठा सलग प्रदेश तोच. कार निकोबारला माडांच्या बागा 'तुहेत'च्या, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या असतात. आपल्यासारखा माणशी सातबारा मागितला असता तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडकला असता. तिथे प्रशासनाने आधी जमीनधारणा, शेतीची पद्धत आणि पूर्वीच्या निविष्ठा (खतं, औषधं, बियाणं) यांची माहिती गोळा केली, मग तज्ज्ञ समितीने ती पडताळली. रासायनिक निविष्ठा आणि जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांच्या विक्री-वापरावरही निर्बंध आले.

दोन्ही वाटांनी मिळालेल्या प्रमाणपत्राचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आणि खोबरं परदेशी पाठवायचा विचार असेल तर पीजीएस चालत नाही. त्यासाठी एनपीओपीचंच, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.