प्रेत मिळालं नाही म्हणून खुनी सुटत नाही

‘मढं दर्याने नेलं, आता केस कसली उभी राहतेय!’ रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही जेट्टीवर हे ऐकायला मिळतं. कोर्टाचा प्रसंग असलेल्या नाटक-सिनेमांनी ते आणखी पक्कं केलंय. पण ते खरं नाही.

समजुतीचं मूळ जुनं आहे. सतराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी सावधगिरी म्हणून सांगितलं होतं, की प्रेत सापडल्याशिवाय खुनाची शिक्षा देऊ नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1981 साली स्पष्ट केलं, की प्रेत मिळणं ही अट नाही. तसं असतं, तर प्रेत नाहीसं करणारा प्रत्येक खुनी सुटला असता. मृत्यू झाला आणि तो खूनच होता, हे इतर भक्कम पुराव्यांनी निःसंशय सिद्ध व्हावं लागतं.

समजा, वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलंय. दोघे एकाच होडीतून गेले, परतला एक. होडीच्या फळ्यांच्या फटीत सुकलेलं रक्त, त्याचा डीएनए, खाडीच्या तोंडाशी दोघांना शेवटचं पाहणारा तरवाला, परतलेल्याने दर वेळी बदललेली हकिगत. अशा कड्या एकमेकींत घट्ट बसल्या, तर शिक्षा होऊ शकते. एखादी निसटली, तर संशयाचा फायदा आरोपीलाच मिळतो, आणि मिळायलाच हवा.

‘सात वर्षं थांबा’ हेही अर्धवट ऐकलेलं. सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मृत मानण्याची तरतूद वारसा, विम्यासारख्या बाबतीत कामी येते. खुनाच्या तपासाला तेवढं थांबावं लागत नाही. घरातलं माणूस बेपत्ता असेल, तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.