टीबीच्या गोळ्या: एक दिवसाआड ते रोज

क्षयाचा जंतू 1882 साली जर्मनीत सापडला. त्यावर लागू पडणारे औषध यायला पुढे साठेक वर्षे गेली. 1950 च्या दशकाअखेर मद्रासच्या चाचणीत घरी राहून औषध घेणारेही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे झाले आणि त्या भरवशावर 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला.

आजचे बरेच प्रश्न 1990 च्या दशकातल्या फेररचनेतून आले. कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या, रुग्णागणिक पूर्ण कोर्सचा वेगळा डबा. मधेच औषध संपण्याची धास्ती त्यामुळे गेली, हे श्रेय मोठेच. पण गोळ्या ठरल्या आठवड्यातून तीनदा, कारण रोज समोर बसायला माणसे कुठून आणणार?

विदर्भातल्या खेड्यात हे गणित बसणे कठीण होते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सकाळी उपकेंद्राची वाट धरली की त्या दिवसाची वेचणी कमी भरते. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असताना शुक्रवार हुकला आणि भरून निघाला नाही, तर दोन डोसांत पाच दिवसांचे अंतर पडते. रोज घेणाऱ्याचा एक डोस चुकला तर दोनच दिवसांचे. तीनदाच्या पद्धतीत आजार उलटण्याचा आणि जंतू औषधाला निर्ढावण्याचा धोका अधिक, याचे पुरावे साचत होते. 2010 मध्ये जागतिक मार्गदर्शक सूचनांनी रोजच्या औषधाला पसंती दिली. आपल्याकडे बदल झाला 2017 मध्ये, तोही प्रकरण न्यायालयात गेल्यावर. या कार्यक्रमातली ही सर्वांत महागात पडलेली दिरंगाई आहे आणि तिची किंमत मजुरांनी मोजली.

गोळ्यांच्या वादात आहाराचा प्रश्न मागे पडला. रुग्णाच्या खोकल्यातून जंतू हवेत येतो, पण तो शरीरात शिरलेल्यांपैकी 5 ते 10 टक्क्यांनाच कधीतरी आजार होतो. इतरांत तो दबून राहतो आणि शरीर खंगले की उठतो. मग संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरत जाणारे वजन, कधी बेडक्यातून रक्त. मेळघाट-गडचिरोलीत कुपोषण जुनेच आहे. 2018 पासून रुग्णाला पोषणासाठी महिना 500 रुपये मिळू लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1000. झारखंडातल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातला टीबी 39 टक्क्यांनी घटला. ते निष्कर्ष 2023 मध्ये आले. सरकारी रक्कम मात्र रुग्णाच्याच खात्यात जाते, घरच्यांच्या शिध्यासाठी देणगीदार शोधावे लागतात.