रुळाखालचे पाणी

रोह्याहून दक्षिणेकडे निघालेल्या भरल्या मालगाडीचे एक चाक रुळावर साधारण ११ टन भार टाकते, आणि ते रुळाला टेकते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. तिथे दर चौरस सेंटीमीटरला आठ-नऊ हजार किलोचा दाब येतो. तो पोलादालाच झेपतो. ओल्या मातीला यातला हजारावा हिस्साही जड जातो. म्हणून जमिनीपर्यंत पोचेस्तोवर हा भार पसरवत न्यावा लागतो.

रूळ किंचित वाकतो. चाकाखालच्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळईवर, भाराचा सुमारे ४० टक्के वाटा येतो, बाकीचा शेजारचे स्लीपर वाटून घेतात. स्लीपरच्या बुडाशी दाब दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या आसपास उरतो आणि खडीचा ३० सेंटीमीटरचा थर ओलांडला की एक किलोच्या आसपास. वेगामुळे बसणारे हिसके वेगळे. धुम्मस करून नीट बसवलेला कोरडा मुरूम एवढे सहज पेलतो.

कोकणात अडचण जूनमध्ये सुरू होते. मातीची ताकद कणांच्या एकमेकांवरच्या दाबातून येणाऱ्या घर्षणात असते. पोकळ्या पाण्याने भरल्या की भाराचा काही वाटा पाणी उचलते, आणि पाण्याला घर्षण नसते. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करावा; उरेल तेवढ्याच्या बळावर माती उभी असते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या या वजाबाकीवरच आजचे मृदायांत्रिकी शास्त्र उभे आहे.

आता ५८ वाघिणींची गाडी घ्या. प्रत्येकीला चार आस (दोन चाकांना जोडणारे दांडे), म्हणजे २३२ आस एकामागून एक. बारीक कणांच्या भिजलेल्या मातीतून पाणी इतक्या झटपट निघून जात नाही. आस आला की पाण्याचा दाब वाढतो, गेला की स्लीपर उचलला जातो आणि खालचा चिखल खडीत ओढला जातो. खडीच्या फटी बुजतात, पाणी तुंबते, स्लीपरखाली पोकळी पडते आणि पुढचा आस त्यावर आदळतो. खडीवर तांबूस चिखलाचे डाग दिसू लागले, तर खाली हे चक्र फिरते आहे असे समजावे. अशा जागी वरून नवी खडी टाकून टॅम्पिंग करणे, म्हणजे ती स्लीपरखाली ठोकून बसवणे, ही तात्पुरती मलमपट्टी. रूळ काही दिवसांत पुन्हा बसतो. खडी खोलवर उपसून चाळायला हवी, भरावाच्या माथ्याला ३० ला १ असा उतार हवा, माती आणि खडी यांच्यामध्ये चढत्या-उतरत्या आकाराच्या वाळू-मुरमाचा थर हवा आणि बाजूची गटारे पावसाआधी मोकळी हवीत. यातले शेवटचे काम सगळ्यात स्वस्त. ते राहिले, तर बाकीच्या तिन्हींवरचा खर्च वाया जातो.

कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेल्या जागी, जांभा फसवा असतो. त्याचा चिरा उघड्यावर टणक होतो, पण तो सच्छिद्र. पाणी त्यातून झिरपते आणि त्याखालच्या मऊ चिकणमातीवर अडते. जिथे दोन्ही थर मिळतात, तिथूनच उतार सुटतो. म्हणून कटिंगच्या माथ्यावर, काठापासून मागे, पाणी वळवणारा चर खणतात.

खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, भरावाचे गणित निराळे. तिथला गाळ खचतो तो पाणी पिळून निघेल तसा, आणि पाण्याची वाट तिप्पट लांब असेल तर वेळ नऊपट लागतो. खाडीवरचा पूल खडकावर टेकलेला असल्याने जागचा हलत नाही, त्याला जोडणारा भराव मात्र वर्षानुवर्षे बसत राहतो. पुलावर शिरताना गाडीला जाणवणारा दणका बहुधा याचाच.

जमिनीत पुरलेल्या नळालाही हेच नियम लागू. समजा, वरून ट्रकचे पाच टनांचे चाक गेले. अर्धा मीटर खोलीवर त्याचा दाब दर चौरस मीटरला साडेनऊ टनांच्या घरात असतो. एक मीटरवर अडीच टनांहून कमी, दोन मीटरवर जेमतेम ०.६ टन. पण दोन मीटर मातीचे स्वतःचे वजनच साडेतीन टनांवर जाते. म्हणून जितके खोल तितके सुरक्षित, हे खरे नाही.

पातळ भिंतीचा नळ दबून चपटा होऊ पाहतो, आणि त्याच्या फुगणाऱ्या कुशींना आवरते ती बाजूची माती. म्हणून तिथे १५-२० सेंटीमीटरचे थर दोन्ही बाजूंनी सारखेच धुमसावेत. नळाखाली वाळूची गादी हवी. जांभ्याचे एखादे टोक खाली राहिले तरी सगळा भार त्या एका ठिकाणी येतो, आधी लेप फाटतो आणि मग गंज लागतो.

चर पाण्याने भरला तर नळ तरंगतो. ६०० मिलिमीटर व्यासाचा नळ दर मीटरला २८३ किलो पाणी बाजूला सारतो; ८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळाचे वजन मात्र मीटरला ११७ किलोच. रिकामा नळ पावसाच्या तोंडावर उघड्या चरात ठेवू नये, तो याच १६६ किलोंच्या फरकामुळे.