पडद्यावर चमकते ती माशातली हवा

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. वर्सोवा, मढ, वरळीच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, इंजिनं उघडली जातात. नवा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायचा विचारही याच दिवसांत होतो. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा?" म्हणजे आवाज किती ताकदीचा. माझ्या मते सुरुवात या प्रश्नाने करू नये.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. होडीच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमध्ये एक चकती असते. विजेने ती थरथरते आणि आवाज पाण्यात सोडते. परत आलेल्या आवाजाने पुन्हा थरथरते आणि वीज देते. दाब आणि विजेचं हे नातं क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो. समुद्राचा तळ 30 मीटरवर असेल तर जाऊन यायला 0.04 सेकंद. या वेळेवरून यंत्र खोली काढतं. गढूळ पाण्यात नजर हातभरही पोचत नाही, आवाजाला मात्र त्या गाळाची फारशी अडचण होत नाही.

माशाचं मांस आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ पाण्यासारखंच आहे, म्हणून बराचसा आवाज त्यातून आरपार जातो. जोरात परततो तो पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. ही पिशवी म्हणजेच आपलं बोत. 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना दीडशेहून जास्त घोळ मासे मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटींवर रुपये आले, ते मुख्यतः या बोतामुळे. बाजारात घोळीची किंमत ठरवणारा अवयवच पडद्यावर तिची खूण उठवतो, याचं मला फार नवल वाटतं. मुशीला (शार्कला) बोत नसतं, त्यामुळे ती आकाराच्या मानाने फिकी उमटते. पडद्यावरच्या खुणेच्या आकारावरून माशाचं वजन सांगू नये ते यासाठी.

पण हीच हवा होडीच्या तळाखाली आली की शत्रू. इंजिनाच्या पंख्याने घुसळलेले बुडबुडे ट्रान्सड्यूसरसमोरून गेले तर आवाज तिथेच परततो आणि पडदा भरून कचरा दिसतो. महागडं यंत्र चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा साधं यंत्र पंख्यापासून दूर, कायम पाण्यात राहील अशा जागी बसवलेलं बरं. तळावर चढणारे शिंपलेही खरवडून काढावे लागतात.

मग फ्रीक्वेन्सी, म्हणजे आवाजाची सेकंदाला होणारी कंपनं. 50 किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो, पण त्याचा झोत रुंद. 200 किलोहर्ट्झचा झोत अरुंद, पण तपशील बारीक. झोत 12 अंशांचा असेल तर 30 मीटरवर तो जेमतेम 6 मीटर रुंदीचा पट्टा पाहतो. 45 अंशांचा असेल तर सुमारे 25 मीटरचा. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातही पाणी साधारण 75 मीटरच. म्हणून इथल्या होडीला जास्त वॅटपेक्षा 200 किलोहर्ट्झ आणि उन्हात वाचता येईल असा पडदा जास्त उपयोगी. पडद्याची उजवी कड म्हणजे 'आत्ता', बाकी सगळं होऊन गेलेलं, हे खलाशालाही माहीत हवं. आणि खोली वावात (पसरलेल्या दोन हातांच्या मापात) हवी असेल तर सेटिंगमध्ये फॅदम निवडा. वाव आणि फॅदम जवळजवळ एकच.

डोल, म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटाला बांधायचं पिशवीसारखं जाळं, लावणाऱ्याला फिशफाइंडरपेक्षा जीपीएस मोलाचा. त्याला स्वतःचा खुंट परत सापडायला हवा. पूर्वी तांडेल (होडीचा प्रमुख) डोंगर आणि दीपगृह यांच्या रेषा जुळवून जागा धरत. धुक्यात ते जमत नसे. जीपीएस 20,200 किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या वेळा मोजतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तर अंतर 300 मीटरने चुकतं. इस्रोच्या नाविक या भारतीय दिशादर्शक उपग्रहांचे संकेतही घेणारं यंत्र मिळत असेल तर ते पाहावं.

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे मिळण्याच्या संभाव्य जागांची सूचना येते, समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह-नोंदींवरून काढलेली. त्यातले अक्षांश-रेखांश यंत्रात भरताना लिहिण्याची पद्धत तपासा. 18 अंश 55 मिनिटं 30 सेकंद हा आकडा 18 अंश 55.30 मिनिटं असा भरला, तर होडी 370 मीटर भलतीकडे जाते. खुंट न सापडायला एवढी चूक पुरेशी आहे, आणि तेलविहिरींभोवतीचं बंदी असलेलं 500 मीटरचं वर्तुळ ओलांडायलाही.