तोल सुधारायचा तर थोडं डगमगायला हवं

रोज नेमाने फिरायला जाणारी ज्येष्ठ मंडळीही पडतात, आणि घरच्यांना त्याचं नवल वाटतं. चालण्याने दम वाढतो, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं खात्रीने म्हणता येत नाही. २०१९ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. तोलाच्या आणि ऊठबशीसारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. अनेक प्रकार एकत्र केले, म्हणजे बहुधा तोलाच्या जोडीला ताकदीचे व्यायामही घेतले, तेव्हा ही घट ३४ टक्क्यांच्या आसपास होती. नुसतं चालणं किंवा नुसती ताकद वाढवणं, यांच्या बाजूने मात्र ठोस पुरावा मिळाला नाही.

याचं कारण सरळ आहे. डोळे, आतला कान आणि तळवे-घोट्यांकडून येणारी जाणीव या तिन्हींचा मेळ घालून मेंदू तोल सांभाळतो. वयोमानाने हे संदेश मंदावतात. स्नायूंमधले झटकन आकसणारे तंतूही आधी झिजतात, आणि ठेच लागल्यावर पुढचं पाऊल वेळेत टाकायला नेमके तेच लागतात. सपाट रस्त्यावर संथ चालताना या यंत्रणेची परीक्षाच होत नाही. व्यायाम करताना जरासं डगमगायला झालं तरच मेंदूला सावरण्याचा सराव मिळतो.

अर्थात डगमगायचं ते सुरक्षित जागी. खोलीच्या कोपऱ्यात भिंतींकडे पाठ करून उभं राहा आणि समोर जड, न सरकणारी खुर्ची पाठीचा भाग आपल्याकडे करून ठेवा. कुठेही झोक गेला तरी आधार हाताशी राहतो. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून हे करू नये.

उभं राहण्याच्या चार पायऱ्या आहेत: पाय जुळवून, एका पायाचा अंगठा दुसऱ्याच्या टाचेच्या आतल्या बाजूला टेकवून, एका पावलाच्या पुढे दुसरं, टाचेला बोटं लावून, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक पायरीवर १० सेकंद हात न लावता उभं राहता येतं का, ते बघा. तिसरी पायरी १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. जिथे शरीर हलतं पण आधार पकडावा लागत नाही, ती तुमची सरावाची पायरी. त्याआधीच आधार लागत असेल तर दोन्ही हात, मग एक हात, मग दोन बोटं, असा तो कमी करत जा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे खुर्ची घट्ट धरणं. मग तोल खुर्ची सांभाळते, पाय नव्हे. दुसरी चूक पावलांकडे बघत राहण्याची. नजर समोर ठेवा आणि श्वास रोखू नका. डोळे मिटून करण्याची घाई तर मुळीच नको.

ताकदीसाठी खुर्चीवरून उठणं-बसणं पुरेसं आहे. खुर्ची भिंतीला टेकवा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि झटकन उठा. बसताना मात्र मनात तीनपर्यंत मोजत हळूहळू. बरेच जण शेवटी धपकन बसतात. तिथेच व्यायाम वाया जातो, कारण जिना उतरताना शरीर आवरून धरणारे मांडीचे स्नायू त्या संथ बसण्यातच तयार होतात. गुडघे आत वळत असतील तर पावलांत थोडं अंतर वाढवा. दहा वेळा सहज जमू लागलं की खुर्ची थोडी बुटकी घ्या. जोडीला टाचा उचलणं आणि ओट्याला धरून आडवं चालणं ठेवावं.

हे जमू लागलं की त्यात बोलणं मिसळा. १९९७ साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात चालताना प्रश्न विचारल्यावर बोलण्यासाठी थांबणारे १२ वृद्ध होते. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले. चालणं आणि लक्ष यांची ही ओढाताण सरावाने कमी करता येते. म्हणून कोपऱ्यात उभं राहून शंभरातून तीन-तीन वजा करत जा.

आठवड्याला एकूण तीन तास हे चांगलं उद्दिष्ट, पण सुरुवात रोज दहा मिनिटांनीही चालेल. महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं. सोडलं की फायदा ओसरतो.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, वर्षभरात दोनदा पडणं झालं असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरत असेल, तर तो प्रश्न व्यायामाने सुटणारा नाही. औषधं तपासून घ्यावी लागतात.