दोन डोसांमधले ८४ दिवस: पार्श्वभूमी

करोनाच्या कोविशील्ड लसीच्या दोन डोसांत किती अंतर असावं, यावर आता कुणी भांडत नाही. तरी मराठवाड्यात कुठल्याही नव्या लसीचा विषय निघाला की आशाताईंना ते ऐकून घ्यावंच लागतं: "आधी २८ दिवस म्हणाले, मग दीड महिना, मग ८४ दिवस. खरं कोणतं?" प्रश्न रास्त आहे. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते आणि हेच तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं तेव्हा अंतर २८ दिवसांचं होतं. २२ मार्चला ते सहा ते आठ आठवडे घ्यावं असं ठरलं. १३ मे रोजी ते एकदम १२ ते १६ आठवड्यांवर गेलं आणि नोंदणीच्या संगणकाने ८४ दिवसांच्या आत दुसरा डोस द्यायला नकार दिला. कोव्हॅक्सिनचं अंतर मात्र चार ते सहा आठवडेच राहिलं. एकाच गल्लीत एकाला महिन्याने बोलावणं यायचं, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. अफवेला एवढं पुरतं.

या अंतरात शरीरात काय चालतं ते आधी पाहू. बाभळीचा काटा पायात मोडला की ठणका, लाली, पू आणि जांघेत अवधाण येतं, हे सांगायला नको. पू म्हणजे पहिल्या फळीत लढून मेलेल्या पेशी. अवधाण ही दुसऱ्या फळीची जागा: काट्यापासून वाहत आलेला जंतूंचा माल त्या गाठीत तपासला जातो. लसीचा माल दंडातून काखेतल्या गाठीत जातो. तिथे बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची, निवड सुरू होते. ज्वारीची टपोरी कणसं दरवर्षी बाजूला काढून बियाणं धरावं, तसंच हे. विषाणूच्या अंगावरच्या काट्याला (स्पाइक प्रथिनाला) ज्या पेशी जरा बऱ्या चिकटतात त्या वाढतात, वाढताना थोड्या बदलतात, त्यातल्या आणखी बऱ्या टिकतात, उरलेल्या मरतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं, कधी महिनेही. दुसरा डोस उशिरा दिला तर तो अशा निवडून काढलेल्या बियाण्यावर पडतो.

म्हणून "ताप आला म्हणजे लस लागली" ही गावातली खूण फसवी. ताप ही पहिल्या फळीची आरडाओरड. निवड गाठीत गुपचूप चालते, तिचा ताप येत नाही.

मागचा इतिहास थोडक्यात. जंतूंशी लढतं कोण, गिळणाऱ्या पेशी की रक्तातली द्रव्यं, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात दोन तट पडले होते. १९०८ साली दोन्ही तटांच्या म्होरक्यांना नोबेल वाटून देण्यात आलं. दोघेही बरोबर होते. आपल्याकडे मात्र 'देवी टोचणे' हा शब्द राहिला आणि आजी-आजोबांच्या दंडावरचा वण राहिला. एकदा टोचलं की जन्माचं झालं, ही समजूत त्या वणातून आली. देवीचा रोग १९७५ नंतर देशात दिसला नाही, त्यामुळे समजूत आणखी पक्की झाली.

वास्तविक अंतराचं गणित प्रत्येक घरात आहे. बाळाला दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस देतात, म्हणजे मध्ये चारच आठवडे. जास्त थांबलं तर प्रत्येक डोसाचा परिणाम कदाचित सरस होईल, पण डांग्या खोकला तेवढं थांबत नाही. म्हणून आधी घाई करायची आणि दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर देऊन कसर भरून काढायची. गोवराची लस उलट नऊ महिन्यांपर्यंत थांबवतात, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात आणि त्या लसीलाच मोडून काढतात. थांबलं की ताकद वाढते, घाई केली की धोक्याचा काळ कमी होतो. कोविशील्डचा वाद याच तराजूचा होता.

१३ मेच्या निर्णयाला आधार होता. परदेशातल्या चाचण्यांत याच लसीचे दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तेव्हा परिणामकारकता ५५ टक्के आढळली, १२ आठवडे किंवा त्याहून जास्त थांबल्यावर ८१ टक्के. आकडे खोटे नव्हते. पण ते डेल्टा या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या आधीचे होते. डेल्टामुळे होणारं, लक्षणं दिसण्याएवढं आजारपण एका डोसाने सुमारे ३० टक्केच रोखलं जातं, हे त्याच मे महिन्यात ब्रिटनमधून कळू लागलं. तिथल्या सरकारने १४ मे रोजी पन्नाशीपुढच्यांसाठी अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. आपण वाढवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

आपल्याकडे तेव्हा लसच नव्हती, हेही विसरून चालणार नाही. राज्याने १८ ते ४४ वयाचं लसीकरण त्याच आठवड्यात थांबवून साठा ४५ वर्षांपुढच्यांच्या दुसऱ्या डोसाकडे वळवला होता. पुढे केंद्राच्या लसीकरण सल्लागार गटातल्या काही सदस्यांनी वृत्तसंस्थेला सांगितलं की आपला पाठिंबा ८ ते १२ आठवड्यांना होता, १२ ते १६ साठी पुरेसा पुरावा नव्हता. सरकारने निर्णय एकमताचा असल्याचं सांगितलं. तुटवडा आहे म्हणून लांबवतो, असं सरळ बोललं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं; रेशनच्या रांगेत जन्म गेलेल्यांना तुटवडा समजावून सांगावा लागत नाही. त्यातच परदेशी जाणाऱ्यांना जूनपासून २८ दिवसांची सूट मिळाली. विमानाला वेगळी प्रतिकारशक्ती लागते का, हा टोमणा तेव्हाचा.

निर्णयाच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. एक, रुग्णालयात दाखल होण्यापासून एका डोसाने डेल्टाविरुद्धही सुमारे ७१ टक्के संरक्षण मिळत होतं, दोन डोसांनी ९२. अँटिबॉडी कमी असल्या तरी टी पेशी बाधित पेशींना मारत राहतात, म्हणून हा फरक. दुसरी, जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी रक्तचाचणीत ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. या पाहणीच्या ७० जिल्ह्यांत बीड, परभणी आणि नांदेड होते. मे-जून २०२० मध्ये पहिल्या फेरीत देशाचा आकडा एक टक्क्याच्याही आत होता. ज्याला आजार होऊन गेला त्याच्यासाठी पहिला डोस हाच दुसऱ्यासारखा काम करतो. पण आपण त्या ६७ टक्क्यांत की उरलेल्यांत, हे रांगेतल्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

आता बीडचं गणित. ऊसतोडीच्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने, २०२१ च्या १५ ऑगस्टला पहिला डोस घेतला असं धरू. २८ दिवसांच्या हिशोबाने दुसरा १२ सप्टेंबरला, गणपतीतच, गावच्या उपकेंद्रात झाला असता. ८४ दिवसांनी तारीख येते ७ नोव्हेंबर. त्या वर्षी गाळप १५ ऑक्टोबरला सुरू झालं. उचल घेतलेली, मुकादमाचा ट्रॅक्टर गेलेला, कोपी फडाशेजारी पडलेली. डोस कुठेही घेता येत होता हे खरं, पण त्यासाठी तोडीचा दिवस बुडवायचा आणि नोंदवलेला मोबाइल नंबर चालू असायला हवा. अंतर ठरवताना गाठीतल्या पेशींचं वेळापत्रक पाहिलं गेलं, फडाचं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला औरंगाबाद जिल्ह्यात (आताचा छत्रपती संभाजीनगर) किमान एक डोस नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. रांगा लागल्या. पण १० नोव्हेंबरला पेट्रोलसाठी पहिली सुई घेतलेल्या माणसाचा दुसरा डोस २ फेब्रुवारीला येत होता. ओमायक्रॉनची लाट जानेवारीतच शिगेला पोहोचली.

मार्च २०२२ मध्ये त्याच सल्लागार गटाने अंतर ८ ते १६ आठवडे करण्याची शिफारस केली. मराठवाड्यात तेव्हा ऊस इतका उभा होता की गाळप जूनपर्यंत लांबलं.